स्थलांतराचा हंगाम आणि गर्भवतीची रक्तचाचणी

२०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या आणि मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. राज्याची सरासरी होती ९२९. हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवले म्हणजे एका राज्याच्या अर्थव्यवस्थेने आपली कुटुंबे कशी विभागून घेतली आहेत हे निराळे सांगावे लागत नाही. रत्नागिरीत मुलींचा जन्म अधिक होतो असा याचा अर्थ नाही. तेथील पुरुष जनगणनेच्या दिवशी अन्यत्र होते, एवढाच अर्थ आहे.

गिरण्या चालू होत्या तेव्हा कोकणातला आणि घाटावरचा पुरुष गिरणगावातल्या एका खोलीत दहा-बाराजणांबरोबर पथारी टाकत असे, खानावळीत जेवत असे आणि महिन्याकाठी मनीऑर्डर धाडत असे. त्याची बायको गावी भातशेती, गुरे आणि सासूसासरे सांभाळी. गणपती आणि शिमगा हे अशा कुटुंबाचे एकत्र येण्याचे दिवस. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, पुढे मनीऑर्डरही गेली. परंतु कमावता पुरुष एका गावी आणि अपत्याला जन्म देणारी स्त्री दुसऱ्या गावी, ही रचना मोडली नाही. उलट ती अधिक दूरवर पसरली. ओडिशातील गंजामचा पुरुष सुरतेच्या यंत्रमागावर, पश्चिम नेपाळातील अछाम-डोटीचा पुरुष मुंबईत, उत्तर बिहारचा पुरुष ठाण्या-भिवंडीत. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात स्थलांतर म्हणजे मजुरीच्या दरांतील तफावतीला श्रमिकाने दिलेला प्रतिसाद. व्याख्या चूक नाही. फक्त तिच्यातला श्रमिक एकटाच असतो. त्याला बायको नसते, आणि असलीच तर ती कधी गरोदर नसते.

भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम उघडकीस आला तो १९८६ साली, मद्रासमध्ये. त्यानंतरची काही वर्षे ही बाब ‘त्या’ वस्तीची आणि ‘तसल्या’ लोकांची आहे, अशी सुशिक्षितांची समजूत होती. या समजुतीला पहिला मोठा धक्का महाराष्ट्रातूनच बसला. पुण्यात १९९३ ते १९९६ या काळात गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांची तपासणी झाली. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वेश्याव्यवसायाशी संबंध नसलेल्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के स्त्रियांना लागण झालेली होती. त्यांपैकी बहुसंख्य विवाहित होत्या आणि पतीखेरीज अन्य पुरुषाशी आपला संबंध आला नसल्याचे सांगत होत्या. त्या दवाखान्यांत आलेल्या स्त्रिया सर्वसामान्य स्त्रियांचे प्रतिनिधित्व करीत नव्हत्या हे खरे. पण पातिव्रत्य हा या रोगावरचा उपाय नव्हे, एवढे त्या आकड्याने निश्चित केले.

त्यानंतर गर्भवती स्त्री ही या साथीच्या मोजणीचा आधार बनली, आणि ते सकारण. लैंगिक संबंध येणाऱ्या, सर्व थरांतल्या आणि आपणहून दवाखान्यात येणाऱ्या निरोगी तरुण व्यक्तींचा असा दुसरा समूह सापडत नाही. म्हणून राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना ठरावीक दवाखान्यांत प्रसूतिपूर्व तपासणीला येणाऱ्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांचे नमुने ओळीने घेते. दर केंद्रावर चारशे, तीन महिन्यांच्या अवधीत. ज्या राज्यात हे प्रमाण एक टक्क्याहून वर जाई ते अतिबाधित राज्य. एकेकाळी अशी सहा राज्ये होती आणि महाराष्ट्र त्यांपैकी एक. देशाचे प्रमाण २०१०-११ साली ०.४० टक्के होते. २०२१च्या फेरीत ते ०.२२ टक्क्यांवर आले. हजारी चारावरून हजारी दोनावर. हे यश मोठे आहे, आणि ज्या सार्वजनिक आरोग्ययंत्रणेला नावे ठेवण्यात आपली पाने खर्ची पडतात तिनेच ते मिळवले आहे, हेही सांगितले पाहिजे.

तरीही महाराष्ट्रात एचआयव्हीबाधितांची संख्या आजही चार लाखांच्या घरात आहे. देशातील कोणत्याही राज्यापेक्षा ती अधिक आहे. शिवाय सरासरी घसरत असताना तिच्या पोटात काय चालले आहे हे सरासरीला विचारून कळत नसते.

एका रकान्याची व्याख्या

२०१०-११च्या पाहणीत गर्भवतींमधील प्रमाण ०.४० टक्के असताना एकट्याने स्थलांतर केलेल्या पुरुषांमध्ये ते ०.९९ टक्के होते, आणि लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांमध्ये २.५९ टक्के. म्हणूनच सरकारी परिभाषेत या दोन्ही वर्गांना ‘सेतू’ म्हणतात. जोखमीच्या वस्तीपासून घरातल्या स्त्रीपर्यंत विषाणू ज्यांच्यावरून चालत येतो तो पूल. गर्भवतींच्या पाहणीच्या प्रपत्रातही याच विचाराने पतीचा व्यवसाय आणि पतीचे स्थलांतर यांविषयी विचारले जाते, आणि पती बाहेरगावी असणाऱ्या व ट्रकचालकांच्या घरातील स्त्रियांत संसर्गाचे प्रमाण देशपातळीवर अधिक आढळलेले आहे. येथवर सारे तर्काला धरून आहे.

प्रश्न त्या रकान्याच्या व्याख्येत आहे. पती कामासाठी पत्नीपासून दूर, दुसऱ्या गावी, एकटा, सहा महिन्यांहून अधिक काळ राहतो काय, असा तो प्रश्न. मुंबईतल्या चाकरमान्याला आणि सुरतेतल्या विणकराला ही व्याख्या नेमकी बसते. बीडच्या ऊसतोडणी कामगाराला ती बसत नाही. तो एकटा जात नाही, बायकोला घेऊन जातो. आणि सहा महिन्यांहून अधिक राहत नाही, हंगाम संपला की परततो. म्हणजे महाराष्ट्रात जे स्थलांतर सर्वांत मोठे, सर्वांत नियमित आणि सर्वांत हलाखीचे, त्यातील गर्भवतीच्या नावापुढे ‘स्थलांतर नाही’ असे नोंदवले जाणार. पाहणीचे तीन महिने ऐन हंगामाचे असले तर तिचे नावच नोंदवले जाणार नाही. कारण ती तेव्हा गावच्या दवाखान्याच्या पंचक्रोशीत नसते.

हा दोष मोजणाऱ्यांच्या आळसाचा नाही. तो त्यांच्या डोक्यात असलेल्या चित्राचा आहे. त्या चित्रात धोका म्हणजे शहरातून गावात येणारा पुरुष. गर्भवती स्वतः हलते, ही शक्यता त्यात धरलेली नाही. वस्तुतः स्थलांतर गर्भवतीचा धोका दोन तऱ्हांनी वाढवते. एक तऱ्हा संसर्गाची. ती सर्वांना ठाऊक आहे. दुसरी तऱ्हा चाचणी आणि औषध हातून निसटण्याची. आज औषधे इतकी प्रभावी झाली आहेत की ही दुसरी तऱ्हाच अधिक महाग पडू लागली आहे.

त्यातही स्थलांतर हेच सर्वत्र कारण, असे मानणे चुकीचे ठरेल. गर्भवतींमधील प्रमाण आज मिझोराम आणि नागालँड या राज्यांत सर्वाधिक आहे, आणि तेथे साथीचे मूळ अमली पदार्थ टोचून घेण्याच्या व्यसनात आहे. स्थलांतरित माणूस म्हणजे रोगाचा वाहक, हे समीकरण राजकारण्यांना सोयीचे असले तरी अभ्यासकांना परवडणारे नाही.

दक्षिण आफ्रिकेचा अनुभव या बाबतीत पाहण्यासारखा आहे. तेथील सोन्याच्या आणि हिऱ्यांच्या खाणी शंभर वर्षे एकट्या पुरुषांच्या श्रमावर चालल्या. लेसोथो, मोझांबिक आणि देशांतर्गत राखीव मुलखांतून पुरुष आणायचे, त्यांना खाणीजवळच्या वसतिगृहांत कोंबायचे आणि बायकामुलांना गावी ठेवणे कायद्यानेच भाग पाडायचे, ही वर्णद्वेषी राजवटीची अर्थनीती होती. तेथील गर्भवतींमधील प्रमाण १९९० साली एक टक्क्याहूनही कमी होते. २००० साली ते २४.५ टक्के झाले. खाणकामगार रोग आणतो आणि बायकोला देतो, असाच तेथेही सर्वांचा समज होता. क्वाझुलु-नाताल प्रांतातील जोडप्यांचा अभ्यास करून मार्क लुरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली जे प्रसिद्ध केले ते मात्र या समजाला पुरते पूरक नव्हते. पतिपत्नींपैकी एकालाच लागण झालेली आहे अशा जोडप्यांत दहांपैकी सुमारे सात ठिकाणी पुरुष बाधित होता. उरलेल्या तीन ठिकाणी स्त्री बाधित होती आणि पुरुष नव्हता. वियोग दोघांनाही होतो, पैसा महिनोन् महिने न आल्यास गावी राहिलेल्या स्त्रीलाही आसरा शोधावा लागतो, हे साधे सत्य कोणी ध्यानात घेतले नव्हते.

हा निष्कर्ष उचलून महाराष्ट्रावर लादण्याचे कारण नाही. पण गर्भवतीची चाचणी सदोष निघताच ‘कोणी कोणाला दिला’ याचा पंचनामा घराघरांत सुरू होतो, आणि पती बाहेरगावी असल्याने बहुधा चाचणी एकटीचीच झालेली असते. जिचे रक्त आधी तपासले ती आधी दोषी, असा हा न्याय. पती पुढे आजारी पडला तर तिच्या पांढऱ्या पायाने. एचआयव्ही व एड्सविषयक २०१७चा कायदा सप्टेंबर २०१८पासून अमलात आला आणि त्याने बाधित स्त्रीला राहत्या घरातून घालवून देण्यास मनाई केली. सासर सोडून गेलेल्या स्त्रीने तो वापरायचा कसा, हे कायद्यात कसे असणार?

नऊ महिन्यांचे गणित

निवारणाच्या प्रचाराचा एक विनोदी म्हणावा असा भाग आहे. विवाहितांनी निरोधचा वापर करावा, असे भिंतीवर लिहिलेले असते. आणि ज्या स्त्रीला मूल हवे आहे, किंवा जिला ते लवकर व्हावे म्हणून सासू उपासतापास करीत आहे, तिला तो सल्ला लागूच होत नाही. वर्षातून तीन आठवडे भेटणाऱ्या नवराबायकोंना तर नाहीच. त्या तीन आठवड्यांत गर्भ राहावा हीच सर्वांची इच्छा असते.

वैद्यकीय बाजू थोडक्यात अशी. उपचार न झाल्यास बाधित मातेपासून बालकास संसर्ग होण्याचे प्रमाण शेकडा १५ ते ४५ असते; गर्भावस्था, प्रसूती आणि स्तनपान या तिन्ही अवस्था त्यात आल्या. वेळेवर आणि अखंड उपचार झाले तर ते शेकडा पाचाच्या आत आणता येते. मात्र गरोदरपणाच्या प्रारंभी चाचणी निर्दोष आली म्हणजे नऊ महिन्यांची हमी मिळाली, असे नव्हे. संसर्ग नुकताच झाला असेल तर चाचणीत तो काही आठवडे दिसत नाही. चाचणीनंतर पती गणपतीला घरी आला आणि तेव्हा संसर्ग झाला, तर पहिला कागद निरर्थक ठरतो. इतकेच नव्हे, गरोदरपणी किंवा अंगावर पाजत असताना होणारा नवा संसर्ग बालकाला अधिक धोक्याचा असतो, कारण प्रारंभीच्या काळात रक्तातील विषाणूंची संख्या फार मोठी असते. ज्यांचे पती बाहेरगावी असतात अशा स्त्रियांची चाचणी गरोदरपणाच्या अखेरीस पुन्हा झाली पाहिजे असे जे सांगितले जाते ते याचसाठी.

येथे आपली एक जुनी प्रथा आडवी येते, जिला कोणी स्थलांतर म्हणत नाही. पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरली की सून माहेरी जाते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तान्हे घेऊन परतते. प्रथा स्त्रीच्या सुखाची आहे. सासुरवाशिणीला हक्काची विश्रांती मिळण्याचा तो एकमेव काळ. परंतु पहिली चाचणी सासरच्या उपकेंद्रात, दुसरी व्हायची ती माहेरच्या, प्रसूती तालुक्याच्या रुग्णालयात आणि बालकाची सहाव्या आठवड्याची तपासणी आणखी कोठे, अशी तिची नोंद चार वह्यांत वाटली जाते. बाधित असेल तर औषधाची बाटली माहेरी कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून ती सासरीच राहण्याचा संभव मोठा. सासरी पतीला ठाऊक, माहेरी कोणालाच नाही. २०११च्या जनगणनेने देशात ४५ कोटींहून अधिक स्थलांतरित मोजले. त्यांतील बहुसंख्य स्त्रिया, आणि कारण विवाह. या एका आकड्याकडे आरोग्य खात्याने जेवढे लक्ष द्यावे तेवढे दिलेले नाही.

आता ऊसतोडीकडे वळू. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव या जिल्ह्यांतून लक्षावधी माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या कारखान्यांच्या उसात पडतात. परत येतात ती गुढीपाडव्याच्या आगेमागे. मजूर एकटा घेतला जात नाही. नवराबायकोची जोडी घेतली जाते आणि त्या जोडीला म्हणतात एक कोयता. नवरा तोडतो, बायको वाढे साळते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहनापर्यंत नेते. मुकादमाकडून घेतलेली उचल त्या जोडीच्या नावावर असते. ती फिटेपर्यंत कोयत्याचे कोणतेच पाते दुरुस्तीला पाठवता येत नाही.

जुलैत दिवस गेलेली स्त्री या वेळापत्रकात बसवून पाहावी. गाव सोडताना तिला तिसरा महिना असतो. आशा कार्यकर्तीने नाव घेतले असले तर घेतले. कित्येकदा तोवर तिने घरातही सांगितलेले नसते. परत येते तेव्हा नववा. मधले सहा महिने, म्हणजे रक्ताची, लघवीची, वजनाची आणि एचआयव्हीची तपासणी ज्या काळात व्हायची तो सगळा काळ, ती दुसऱ्या जिल्ह्यातल्या एखाद्या शिवारात कोपीत राहते. त्या गावच्या आरोग्यसेविकेच्या यादीत तिचे घर नसते, कारण ते घर नव्हेच. तिच्या स्वतःच्या गावच्या सेविकेच्या यादीत ती ‘बाहेरगावी’ असते. दोन्ही याद्या अचूक आहेत आणि दोन्हींत ती नाही.

या स्त्रियांच्या देहाला हंगामात जागा नसते, हे २०१९ साली साऱ्या देशाने वाचले. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न तेव्हा पुढे आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, हजारो स्त्रियांवर अशी शस्त्रक्रिया झाल्याचे निष्पन्न झाले. पाळी नको, गर्भाशय नको, कारण खाडा नको. ज्या कामात मासिक पाळीचे चार दिवस परवडत नाहीत त्यात बाळंतपणाचे नऊ महिने कसे परवडतात, हा प्रश्न त्या वेळी पुरेसा विचारला गेला नाही.

‘मोफत’ची किंमत

शासकीय चाचणी मोफत आहे. उपकेंद्रातही आता बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब घेऊन प्राथमिक तपासणी होते. संशय आल्यास समुपदेशन व चाचणी केंद्रात पुढच्या चाचण्या. औषधेही २००४ सालापासून मोफत आहेत. तरीही स्त्रिया येत नाहीत, म्हणून जनजागृती कमी पडते, असा निष्कर्ष प्रत्येक कार्यशाळेत निघतो आणि आणखी काही भित्तिपत्रके छापली जातात.

हिशेब जरा वेगळा मांडून पाहू. तोडणीवरची स्त्री तालुक्याच्या दवाखान्यात जायची तर तिचा दिवस जातो. कोयता जोडीचा असल्याने नवऱ्याचेही काम अडते. मोळी बांधायला कोणी नसेल तर तोडलेला ऊस शेतात वाळतो. गाडी वेळेवर भरली नाही तर टोळी खोळंबते. वर मुकादम खाडा धरतो आणि त्याची रक्कम उचलीच्या हिशेबात चढते. म्हणजे मोफत चाचणीची खरी किंमत दोघांची दिवसाची मजुरी, अधिक खाड्याची रक्कम, अधिक जाण्यायेण्याचे भाडे. ही किंमत त्या कुटुंबाने कर्जाने भरायची आहे. एवढे देऊन मिळणार काय, तर बहुधा ‘दोष नाही’ असा एक कागद. हजारात दोन-तीनच स्त्रिया बाधित निघतात. आपण त्या दोन-तिघींपैकी असू असे कोणाही स्त्रीला वाटत नाही, वाटू नये. तेव्हा ती येत नाही हे अज्ञान नव्हे. तो तिच्या परिस्थितीत सुसंगत ठरणारा निर्णय आहे. भित्तिपत्रकाने तो बदलणार नाही, किंमत कमी केली तरच बदलेल.

बालकाचा संसर्ग टळण्याचा लाभ मात्र तिच्यापुरता नसतो. एक मूल जन्मतः बाधित झाले तर त्याच्या आयुष्यभराच्या औषधांचा भार शासनावर येतो, त्याच्या दुखण्याखुपण्याचा भार घरावर. ज्या व्यवहारात लाभ सर्वांचा आणि खर्च एकटीचा असतो तो व्यवहार बाजार आपणहून घडवीत नाही. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात हे शिकवतात. लसीकरण घरोघर जाऊन करावे लागते ते याच न्यायाने.

उपचारपद्धती बदलली तसा हा प्रश्न अधिक अवघड झाला, हे थोडे चमत्कारिक वाटेल. या शतकाच्या प्रारंभी मातेपासून बालकाकडे होणारा संसर्ग रोखण्याची योजना देशात सुरू झाली तेव्हा कळा सुरू होताच मातेला नेव्हिरापिनची एक मात्रा आणि जन्मानंतर बालकाला एक, एवढाच उपचार होता. तो तुटपुंजा होता, परंतु त्यासाठी स्त्री एका दिवशी एका ठिकाणी असली की पुरे. २०१४ सालापासून बाधित गर्भवतीला निदान होताच आजन्म औषध सुरू करण्याचे धोरण आले. परिणामकारकतेच्या दृष्टीने दोहोंची तुलनाच नाही. पण आजन्म औषध रोज घ्यावे लागते, ते ठरावीक एआरटी केंद्रातून मिळते आणि प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाला एका वेळी फार तर तीन महिन्यांचे मिळते. हंगाम सहा महिन्यांचा. नुकतेच निदान झालेल्या गर्भवतीला तर महिन्या-महिन्याला यावे लागते, कारण औषध सोसते की नाही हे पाहायचे असते. दुसऱ्या केंद्रात नाव हलवता येते, तशी सोय आहे. पण नाव हलवायचे तर कोठे हे आधी ठाऊक हवे, आणि तोडणीची टोळी एका हंगामात चार शिवारे बदलते.

धान्याच्या बाबतीत हा पेच काही अंशी सुटलेला आहे. २०२२च्या मध्यापर्यंत सर्व राज्ये ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेत आली आणि गावची शिधापत्रिका परगावच्या दुकानात चालू लागली. अंमलबजावणीत खोट आहे, यंत्रावर अंगठा उमटत नाही, दुकानदार परत पाठवतो. तरी हक्क माणसाबरोबर चालतो हे तत्त्व मान्य झाले. आरोग्यसेवेचा हक्क अजून गावच्या वेशीला बांधलेला आहे. कामगार कायद्याचीही गत फारशी निराळी नव्हती. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली कायदा झाला, तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता. बीडहून कोल्हापूरला जाणाऱ्याने कितीही मैल तुडवले तरी तो त्या कायद्याने स्थलांतरित ठरत नव्हता.

मातेपासून बालकाकडे होणारा संसर्ग हद्दपार करण्यात थायलंड २०१६ साली आणि श्रीलंका २०१९ साली यशस्वी ठरल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. त्या प्रमाणपत्राची एक अट अशी की शंभरातील पंचाण्णव गर्भवतींची चाचणी आणि बाधितांपैकी पंचाण्णव जणींवर उपचार झाले पाहिजेत. आपणही त्याच वाटेवर आहोत, असे दिल्लीतून सांगितले जाते. पंचाण्णवांवर आक्षेप नाही. प्रश्न उरलेल्या पाचजणींचा आहे. त्या शंभरांत विखुरलेल्या असत्या तर गोष्ट वेगळी होती. त्या सगळ्या एकाच कोपीत सापडण्याचा संभव अधिक.

पैशाची अडचण सांगितली जाते, ती फारशी खरी नाही. ऊसतोडणी कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेल्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनामागे दहा रुपये द्यावेत असे ठरलेले आहे. बऱ्या हंगामात राज्यात दहा कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला जातो. गुणाकार कोणीही करावा. यातून प्रत्येक कारखान्याच्या परिसरात हंगामभर फिरणारी एक आरोग्यसेविका, तिच्याजवळ चाचणीचे साहित्य, आणि तपासणीच्या दिवशी खाडा धरू नये म्हणून त्या जोडीची मजुरी भरून देण्याची तरतूद, एवढे सहज बसते. गाव सोडण्यापूर्वी सप्टेंबरात एक चाचणी, जानेवारीत शिवारावर दुसरी, आणि बाधित निघालेल्या स्त्रीला हंगाम पुरेल इतके औषध देण्याची मुभा. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, बंगळूरबरोबर कोणत्या वाटाघाटी हव्यात तर त्या सीमेपलीकडील कारखान्यांपुरत्या. चाचणी केवळ एचआयव्हीची न ठेवता हिमोग्लोबिन, रक्तदाब, गुप्तरोग अशी एकत्र ठेवली तर कोपीबाहेर उभ्या राहिलेल्या स्त्रीकडे बोट दाखवण्याची सोयही कोणाला उरणार नाही.

मुकादमाच्या वहीत कोणत्या गावचे किती कोयते, कोणाला किती उचल, कोणाचे किती खाडे, याची नोंद चोख असते. साखर आयुक्तालय कारखान्यांना दरवर्षी गाळप परवाना देते. त्या परवान्यासाठी कारखान्याने आपल्या टोळ्यांची यादी द्यावी, आणि यादीत गर्भवती किती, कितव्या महिन्यात आणि कोणत्या गावच्या उपकेंद्रात नाव आहे, हे तीन रकाने असावेत. हंगाम सुरू होण्यापूर्वी ती यादी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर पोहोचली, तर निदान त्या स्त्रिया कोठे आहेत एवढे तरी त्याला कळेल.